कोरम जंतूंचा, टाच काकांची

आठवडाभर गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतंय: ‘शास्त्रज्ञांनी जंतूंचं बोलणं तोडायचा उपाय शोधला. जखमेवर हळद-लसणाचा लेप बांधा, जंतू मुके होऊन मरतात. अँटिबायोटिक नको. जंतूंना याची कधीच सवय होत नाही.’ आमच्या काकांनी ते करून पाहिलं, म्हणून लिहितो.

जंतू बोलतात, हे खरं. प्रत्येक जण एक रसायन बाहेर सोडत असतो. गर्दी वाढली की ते दाटतं आणि कोरम भरल्याचं सगळ्यांना कळतं. आपल्या ग्रामसभेला कसे १५ टक्के मतदार किंवा १०० जण, जे कमी ते लागतात, तसंच. मग बरेचसे जंतू एकदमच विष सोडतात. समुद्रातल्या चमकणाऱ्या जंतूंत १९७० मध्ये हा प्रकार उलगडला. विरळ असताना ते उजेडच पाडत नाहीत.

पण ‘मरतात’ कुठून आलं? निरोप अडवला तर उपद्रव घटतो, जंतू जिवंतच असतो. त्याला निपटणार शरीरातल्या पांढऱ्या पेशी, आणि शुगर वाढलेल्या माणसात त्याच ढिल्या पडतात.

लसणातलं अजोईन प्रयोगशाळेत हे निरोप अडवतं, तेही खरं. पण ते वेगळं काढून, मोजून वापरलेलं. ठेचलेला कच्चा लसूण कातडी भाजतो. काकांच्या टाचेत तुरीचं धसकट घुसलं होतं. काकूनं रात्री लसूण ठेचून फडक्यानं बांधला. सकाळी सोडलं तर भोकाशेजारी रुपयाएवढा फोड, पाण्यानं टम्म. काका म्हणे, “आग तं काहीच नाही झाली, बरं होऊन रायलं.” शुगरनं पाय बधिर, आग कळणार कशी!

‘कधीच सवय होत नाही’? जखमेत हिरवट पू करणारा स्यूडोमोनास निरोप तोडणारं रसायनच बाहेर उपसून टाकायला शिकतो, हे २०१२ मध्ये दिसलं. पटकीच्या जंतूचं तर उलटंच. तो थोडा असताना विष करतो, कोरम भरला की आवरतं घेतो. त्याचं बोलणं तोडणं म्हणजे आगीत तेल.

खास निरोप तोडण्यासाठी बनवलेलं एकही औषध अजून दवाखान्यात आलेलं नाही. संशोधन जोरात आहे, मलाही त्यातून आशा आहे. पण काकांची टाच चौथ्या दिवशी तालुक्याला चिरावी लागली. धसकटाचं अर्ध्या बोटाएवढं टोक आतच होतं. त्याच्याशी कोण बोलणार होतं?

आता अँटिबायोटिक आणि एक दिवसाआड ड्रेसिंग सुरू आहे. लसूण काकूनं फोडणीला ठेवलाय.