मोशे दायान यांच्या नावावर खपवला जाणारा एक दावा

सीमेवर तणाव वाढला की एक मजकूर मराठी व्हॉट्सॲप समूहांतून हमखास फिरू लागतो. त्याचा आशय असा: अरबांशी लढताना एक डोळा गमावलेल्या मोशे दायान या सेनानीला इस्रायलने 1967 मध्ये युद्धाच्या ऐन तोंडावर संरक्षणमंत्री केले, त्याने स्वतः योजना आखून सहा दिवसांत तीन देशांना लोळवले आणि पहिल्या दिवसापासून मनाशी धरलेले जेरुसलेम घेतले, तो मंत्री असेपर्यंत इस्रायलला कुणी गाफील गाठू शकले नाही, तेव्हा आपल्याकडेही संरक्षण खाते पुढाऱ्याच्या नव्हे, सैनिकाच्याच हाती हवे. दायान हे धाडसी आणि विलक्षण बुद्धिमान गृहस्थ होते, याविषयी वाद नाही. मात्र या मजकुरातले जवळजवळ प्रत्येक विधान त्यांच्या चरित्राशी विसंगत आहे, आणि शेवटचा निष्कर्ष तर त्यांच्याच कारकिर्दीने खोडून काढलेला आहे.

डोळ्यापासून सुरुवात करू, कारण ती काळी पट्टीच या दंतकथेचे बोधचिन्ह झाली आहे. दायान यांचा डावा डोळा गेला तो जून 1941 मध्ये, म्हणजे इस्रायल हे राष्ट्र जन्माला येण्याच्या सात वर्षे आधी, आणि समोर अरब फौज नव्हती, तर जर्मनीशी हातमिळवणी केलेल्या विशी सरकारचे फ्रेंच सैन्य होते. ब्रिटिशांनी सीरिया आणि लेबनॉनवर चढाई केली तेव्हा ऑस्ट्रेलियन तुकडीला वाट दाखवण्यासाठी हगाना या ज्यू संघटनेची काही माणसे पुढे गेली होती. त्यांत दायान होते. एक पोलीस ठाणे ताब्यात घेतल्यावर ते दुर्बिणीतून शत्रूचा अंदाज घेत असताना गोळी थेट दुर्बिणीवर आदळली आणि काचेचे व धातूचे तुकडे डोळ्यात घुसले. खोबणीची हाडे इतकी विस्कटली की तिथे काचेचा डोळाही बसेना, म्हणून पट्टी. यातली खरी गंमत मजकूर लिहिणाऱ्याला ठाऊकच नाही: ज्या ब्रिटिशांसाठी त्यांनी डोळा गमावला, त्यांनीच बेकायदा शस्त्रे बाळगल्याबद्दल त्यांना 1939 मध्ये अक्कोच्या तुरुंगात डांबले होते, आणि तिथून सुटून त्यांना जेमतेम चार महिने झाले होते.

आता 1967 च्या योजनेविषयी. दायान डिसेंबर 1953 ते जानेवारी 1958 या काळात सरसेनापती होते आणि 1956 ची इजिप्तविरुद्धची सिनाई मोहीम त्यांच्याच नेतृत्वाखाली झाली, हे खरे. परंतु त्यानंतर त्यांनी गणवेश उतरवला, 1959 मध्ये निवडणूक लढवली आणि पुढची पाच वर्षे ते चक्क कृषिमंत्री होते. 1 जून 1967 रोजी त्यांना संरक्षण खाते मिळाले आणि 5 जूनला सकाळी युद्ध सुरू झाले. मध्ये उरतात ते चार दिवस. ज्या हवाई हल्ल्याने त्या युद्धाचा निकाल पहिल्याच सकाळी लावला, तो चार दिवसांत बसवता येण्यासारखा नव्हता. एझर वाइझमन हवाई दलाचे प्रमुख असताना तो आखला गेला, त्यांच्यानंतरचे प्रमुख मोर्देखाय होद यांनी तो तडीस नेला, आणि वैमानिकांकडून त्याची वर्षानुवर्षे घोकंपट्टी करून घेतली गेली होती. परतलेल्या विमानात इंधन आणि दारूगोळा भरून दहा मिनिटांच्या आत ते पुन्हा धावपट्टीवर आणण्याची जी हातोटी जमिनीवरच्या कर्मचाऱ्यांनी कमावली होती, तिच्यामुळे संख्येने लहान असलेले हवाई दल शत्रूला दुप्पट-तिप्पट वाटले. त्या सकाळी देशाच्या आकाशाच्या रक्षणासाठी अवघी बारा विमाने मागे ठेवून बाकी सारी इजिप्तवर धाडली गेली. भूदलाची तयारी 1964 पासून सरसेनापती असलेल्या यित्झाक राबिन यांची, आणि या साऱ्यासाठी पैसा व शस्त्रे मिळवली ती 1963 पासून पंतप्रधानपदाबरोबर संरक्षण खातेही सांभाळणाऱ्या लेव्ही एश्कोल यांनी, जे मुळात अर्थकारणातले माणूस होते. 28 मे रोजी रेडिओवरच्या भाषणात एश्कोल अडखळले, लोकांचा धीर सुटला आणि त्यांना ते खाते सोडावे लागले. श्रेय मात्र ज्याचा फोटो चांगला आला त्याला मिळाले.

मग दायान यांनी काही केलेच नाही का? केले, पण ते काम सेनापतीचे नव्हते. त्यांच्या नुसत्या नेमणुकीने लोकांना हायसे वाटले, मंत्रिमंडळाची चालढकल संपली. 3 जूनच्या पत्रकार परिषदेत त्यांनी आता लष्करी उत्तराची वेळ टळली आहे आणि मुत्सद्देगिरीच्या यशापयशाचा निर्णय इतक्यात करता येणार नाही, अशा सुरात बोलून साऱ्या जगाला चकवले. त्याच आठवड्याच्या शेवटी काही सैनिकांना रजेवर सोडण्यात आले होते, हेही त्या चकव्यात भर घालणारे ठरले. हे सारे राजकारण्याचे कौशल्य आहे.

जेरुसलेमविषयीचे विधान तर वस्तुस्थितीच्या उलट आहे. जुन्या शहरात शिरण्यास दायान सुरुवातीला तयार नव्हते. शहराला वेढा पडला की ते आपोआप हाती येईल आणि पवित्र स्थळांची नासधूस टळेल, असे त्यांचे मत होते. युद्धबंदी लादली जाण्याची चिन्हे दिसू लागल्यावर 7 जूनला त्यांनी आज्ञा दिली. राबिन आणि मध्य आघाडीचे प्रमुख उझी नार्किस यांच्यासह जुन्या शहराच्या सिंहद्वारातून आत चालत जातानाचे ते प्रसिद्ध छायाचित्र त्याच दिवसाचे. मात्र त्यानंतर काही वेळातच त्यांनी डोम ऑफ द रॉक या इस्लामी वास्तूच्या घुमटावर फडकावलेला इस्रायली ध्वज उतरवायला लावला आणि ती वास्तू जिथे आहे त्या हरम अल-शरीफ या पवित्र आवाराचा कारभार मुस्लिम वक्फकडेच राहू दिला, ही गोष्ट असले मजकूर लिहिणाऱ्यांना सोयीची नसल्यामुळे कधी सांगितली जात नाही. सैन्याने सुएझ कालव्याच्या काठापर्यंत जाऊ नये, असे ते बजावत राहिले, सैन्य गेलेच. गोलान टेकड्यांवरील हल्ल्याला त्यांनी चार दिवस विरोध केला आणि 9 जूनच्या पहाटे, पंतप्रधान व सरसेनापती दोघांनाही वगळून, उत्तर आघाडीचे प्रमुख दाव्हिद एलाझार यांना थेट फोन करून हल्ल्याचा हुकूम सोडला. यात ठाम पूर्वनियोजन शोधणाऱ्याच्या कल्पनाशक्तीला दाद द्यावी लागेल.

आणि गाफील न गाठला जाण्याचा मुद्दा? 6 ऑक्टोबर 1973 रोजी, योम किप्पूर या ज्यूंच्या सर्वांत पवित्र दिवशी, इजिप्त आणि सीरियाने एकाच वेळी हल्ला चढवला तेव्हा संरक्षणमंत्री हेच दायान होते. त्या सकाळी हल्ला होणार हे कळून चुकले होते. सरसेनापतीपदी तेव्हा तेच एलाझार होते. त्यांनी सर्व राखीव सैन्य बोलवावे आणि आपण आधी हवाई हल्ला करावा, अशी मागणी केली. दायान यांनी दोन्हींना विरोध केला. निर्णय पंतप्रधान गोल्डा मेयर यांच्यापुढे गेला, आणि लष्कराचा कसलाही अनुभव नसलेल्या त्या बाईंनी सैन्य बोलावण्याच्या बाबतीत आपल्या नामवंत सेनानीपेक्षा एलाझार यांच्या बाजूला झुकता कौल दिला. आधी हल्ला करण्यास मात्र नकार दिला. दुसऱ्या दिवशी दायान इतके खचले होते की 'तिसऱ्या मंदिराच्या' विनाशाची, म्हणजे राष्ट्रच बुडण्याची, भाषा त्यांच्या तोंडी आली. ते युद्ध इस्रायलने अखेर सावरले, पण अडीच हजारांहून अधिक सैनिक गमावून.

चौकशीसाठी नेमलेल्या आग्रानात आयोगाने एप्रिल 1974 मध्ये एलाझार यांना दोषी धरले आणि दायान यांना वैयक्तिक जबाबदारीतून मोकळे केले. त्यासाठी दिलेले कारण लक्षपूर्वक वाचण्याजोगे आहे: संरक्षणमंत्री म्हणजे सरसेनापतीच्या डोक्यावर बसवलेला आणखी एक सरसेनापती नव्हे. दायान यांच्या बचावाचा आधारच हा होता की मंत्रिपद सैनिकी पद नाही. लोकांना तो बचाव पटला नाही. निदर्शने वाढली, मेयर यांनी राजीनामा दिला आणि जूनमध्ये आलेल्या राबिन सरकारात दायान यांना स्थान नव्हते.

त्याच मजकुराच्या काही आवृत्त्यांत ते संरक्षणमंत्री असताना गुपचूप भारतात आल्याचेही लिहिलेले असते. ते आले होते ऑगस्ट 1977 मध्ये, बेगिन सरकारचे परराष्ट्रमंत्री म्हणून, आणि मोरारजी देसाई यांना भेटून रिकाम्या हाती परतले. इस्रायलचा वाणिज्य दूतावास 1953 पासून मुंबईत होता, पण पूर्ण राजनैतिक संबंध जुळायला 1992 उजाडले.

राहिला तो निष्कर्ष. मराठी वाचकाला याचे उत्तर शोधण्यासाठी तेल अवीवपर्यंत जाण्याची गरज नाही. चीन युद्धात हात पोळल्यावर 21 नोव्हेंबर 1962 रोजी संरक्षण खात्याची सूत्रे हाती घेतली ती यशवंतराव चव्हाणांनी, ज्यांचा लढ्याचा अनुभव म्हणजे बेचाळीसची भूमिगत चळवळ. 1 सप्टेंबर 1965 च्या दुपारी पाकिस्तानी रणगाडे जम्मूतील छांबमध्ये घुसलेले असताना लष्करप्रमुख जनरल चौधरी आणि हवाई दलप्रमुख अर्जन सिंग विमाने वापरण्याची परवानगी मागायला त्यांच्याकडे आले. काश्मीरच्या लढाईत हवाई दल उतरवणे म्हणजे युद्धाची व्याप्ती वाढवणे, हे तिघांनाही कळत होते. चव्हाणांनी फारसा वेळ न घेता होकार दिला. संध्याकाळी सव्वापाचच्या सुमारास पठाणकोटहून जुनाट व्हॅम्पायर विमानांची पहिली तुकडी उडाली; त्या संध्याकाळी गेलेल्यांपैकी चार विमाने परतली नाहीत, आणि परवानगी मागे घेतली गेली नाही.