पेपर जनतेसाठी खुला करणे आहे

द्राक्षावरच्या डाऊनी रोगावर रिसर्च करणं एकवेळ सोपं. गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, झाली आणि वर पाऊस पडला की निफाड तालुका इतकी रोगट पानं देतो की आमच्या पिशव्या कमी पडतात. खरा ताप सुरू होतो तो पेपर स्वीकारला गेल्यावर, कारण प्रोजेक्टला पैसा सरकारचा, म्हणजे जनतेचा, म्हणून पेपरही जनतेला फुकट वाचता आला पाहिजे. नियम रास्तच आहे हो. केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान आणि जैवतंत्रज्ञान विभागांनी 2014 च्या डिसेंबरातच धोरण काढलंय, पेपर स्वीकारला की दोन आठवड्यांत रिपॉझिटरीत, म्हणजे सगळ्यांना खुल्या ऑनलाइन संग्रहात, टाका, आणि प्रकाशकाला अडवून ठेवायचा असेल तर वर्षाच्या वर नको.

पण टाकायचं काय? जर्नलने छापलेली ती देखणी दोन कॉलमी पीडीएफ नाही, ती प्रकाशकाची, आपणच कॉपीराइटच्या फॉर्मवर सही ठोकून दिलेली. सुरुवातीला पाठवलेली पण नाही, ती रेफरींनी, म्हणजे पेपर तपासणाऱ्यांनी, झोडपायच्या आधीची. हवी ती मधली, रेफरींनी सुधारून घेतलेली पण अजून न सजवलेली, तिला म्हणतात स्वीकारलेली प्रत. म्हणजे नवरीची हळद उतरलीये, पार्लरवाली अजून यायचीये, नेमका त्या वेळचा फोटो द्या! आमच्याकडे फाइली होत्या 'फायनल', 'फायनल सरांची', 'फायनल नवीन' आणि 'हीच फायनल'. सर रिटायर होऊन गावी गेलेले, पीएचडीवाली मुलगी जर्मनीत, तिला मेल टाकला तर तिने तिकडून 'हीच फायनलच्या नंतरची' पाठवली.

मग फॉर्म. त्यात एम्बार्गो, म्हणजे प्रकाशकाने पेपर अडवून ठेवायची मुदत, संपायची तारीख लागते, आणि ती काढायची म्हणजे प्रकाशकाच्या साइटवर जाऊन वाचत बसा, स्वीकारल्यापासून मोजायचं का ऑनलाइन आल्यापासून का अंकात छापल्यापासून. मी ग्रंथपाल मॅडमना म्हटलं, तुम्हीच टाका ना एखादी तारीख. म्हणाल्या, सर, रामकुंडावर जा, गुरुजी मुहूर्त काढून देतील.

प्रकाशकाकडे एक सोपा रस्ता असतोच म्हणा, पैसे भरा, पेपर लगेच सगळ्यांना खुला. 'नेचर'ने 2021 पासून हा दर 9,500 युरो ठेवला होता, तेवढ्यात गंगापूर रोडला फ्लॅट नाही येत पण बुकिंग होऊन जाईल. आमचं जर्नल एवढं मोठं नाही, पण आमची ग्रँट त्याहून लहान.

आणि हिशोब बघा, रिसर्चला पैसा सरकारचा, पगार सरकारचा, दुसऱ्यांचे पेपर आम्ही तपासतो ते फुकट, आणि छापलेलं वाचायला परत सरकारच पैसे मोजणार. वन नेशन वन सबस्क्रिप्शन आलंय ना, 2025 पासून तीन वर्षांना 6,000 कोटी, जवळपास 13,000 जर्नल्स. चांगलंच झालं, आमच्यासारख्यांची सोय झाली, पण ते सरकारी विद्यापीठं, कॉलेजं आणि संशोधन संस्थांसाठी. पिंपळगाव बसवंतची माझ्या मामाची द्राक्षबाग त्या यादीत नाही. आणि निम्मी सॅम्पल तर त्याच्याच बागेतली! मामा प्रत्येक लग्नात विचारायचा, काय रे मास्तर, आलं का तुमचं ते छापून? मी म्हणायचो, आलंय मामा, पण अजून बघता येत नाही. तो आजूबाजूच्या पाहुण्यांकडे बघून नुसता मान हलवायचा.

शेवटी एकदाचा एम्बार्गो संपला. मी लगेच मामाला व्हॉट्सॲपवर लिंक टाकली, रात्री फोन आला. मला वाटलं आता विचारणार औषध कुठलं मारू.

"अरे, हे शेवटी आभारात 'एका स्थानिक शेतकऱ्याच्या बागेतून' लिहिलंय, तो स्थानिक शेतकरी म्हणजे मीच ना?"

"हो, मामा."

"मग नाव टाक की."

मी समजावलं, मामा, ही स्वीकारलेली प्रत असते, यात आता काना-मात्रा पण हलवता येत नाही.

"असं कसं? अजून छापलेलं तरी कुठंय ते, कच्चंच दिसतंय की सगळं," मामा म्हणाला, "दोन ओळींच्या मधे एवढी जागा सोडलीये, बसव तिथं."