नव्या हार्डडिस्कमधला लेझर डेटा जाळत नाही

गेले काही दिवस एक संदेश फिरतोय. त्याचा सारांश असा: ३० टीबीच्या नव्या हार्डडिस्कमध्ये लेझर आहे आणि तो चकती ४५० अंशांच्या आसपास तापवतो. तापवलं की चुंबकत्व जातं, म्हणजे डेटा हळूहळू पुसला जाणार. डेटा लिहिणारं हेड सुधारायचं सोडून कंपन्यांनी पळवाट काढली, नुसतं जास्त ताकदीचं चुंबक लावलं असतं तरी भागलं असतं. शेवटी सल्ला: हार्डडिस्क १९५६ सालीच अडकलेली आहे, एसएसडी (चकतीऐवजी चिपमध्ये डेटा ठेवणारं साधन) घ्या.

मी सर्व्हर सांभाळतो, म्हणजे दिवसभर याच वस्तूंशी माझी गाठ असते. हा संदेश वाचून एका शाळेतले शिक्षक मला विचारत होते, की मुलांचे जुने फोटो आता कशावर ठेवायचे? त्यांची भीती खरी होती, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी 'जास्त ताकदीचं चुंबक' घेऊ, कारण खरी गोम तिथेच आहे. बंद पडलेली हार्डडिस्क उघडून पाहिलीत, तर हलत्या दांडीच्या टोकाला एक काळा ठिपका दिसेल. त्याला स्लायडर म्हणतात. लांबी साधारण ०.८५ मिलिमीटर, मोहरीच्या दाण्याहून कमी. लिहिणारं हेड या ठिपक्याच्या मागच्या कडेवर असतं आणि नुसत्या डोळ्यांना दिसतच नाही. त्यात तांब्याच्या कॉइलचे मोजके वेढे आणि लोह-कोबाल्टचा निमुळता ध्रुव असतो. कॉइलमधून करंट गेला की ध्रुवाच्या टोकातून चुंबकीय क्षेत्र चकतीत उतरतं; करंटची दिशा उलटली की पुढचा बिट, म्हणजे डेटाचा सर्वांत छोटा तुकडा, उलटा उमटतो.

मग करंट वाढवा की! वाढवून उपयोग नाही. लोह-कोबाल्ट साधारण २.४ टेस्लाला (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) संपृक्त होतं. भरलेल्या हंड्यात कितीही पाणी ओता, ते वरून वाहूनच जाणार. याहून वरचढ असा पदार्थ हेडमध्ये वापरण्याजोगा अजून कुणाला मिळालेला नाही. त्यात ट्रॅक (चकतीवरची डेटाची गोल पट्टी) अरुंद करायचा तर ध्रुवाचं टोकही अरुंद करावं लागतं, आणि चकतीपर्यंत पोचणारं क्षेत्र आणखी कमी होतं.

दुसऱ्या बाजूला चकती आहे. जागा वाढवायची तर चुंबकीय कण लहान हवेत. कण फार लहान झाला, तर खोलीतल्या साध्या उष्णतेनेही त्याची दिशा पलटू शकते. ते टाळायला चुंबकीयदृष्ट्या कडक, म्हणजे दिशा सहज न पलटणारा पदार्थ घ्यावा, तर हेडला त्यावर लिहिता येत नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

हेड सुधारलंच नाही, हे म्हणणं तर मला फार लागतं. १९५६ च्या आयबीएमच्या रॅमॅक संगणकातल्या पहिल्या हार्डडिस्कमध्ये हेड आणि चकती यांच्यात साधारण २० मायक्रॉन अंतर होतं. आज लिहिताना ते एक-दोन नॅनोमीटरवर येतं. १९७९ मध्ये पातळ थरांची हेड आली. जपानच्या तोहोकू विद्यापीठात शुनइची इवासाकी यांनी सत्तरच्या दशकात बिट आडवे न ठेवता उभे ठेवायची कल्पना मांडली. ती बाजारात यायला २००५ उजाडलं, तोशिबाच्या छोट्या डिस्कमधून. या रचनेत चकतीवरच्या डेटाच्या थराखालचा मऊ चुंबकीय थर हेडच्या अर्ध्या भागासारखा वागतो, त्यामुळे त्याच ध्रुवातून जास्त क्षेत्र मिळतं. २०२१ मध्ये तोशिबाने लिहिताना सूक्ष्मलहरींची मदत घेणारी १८ टीबीची डिस्क आणली. एवढं सगळं पिळून काढल्यावर उष्णतेची पाळी आलीय. तिला पळवाट कसं म्हणायचं?

आता तापण्याबद्दल. तापलं की चुंबकत्व ढिलं होतं, हे अगदी बरोबर. सीगेट कंपनीने जानेवारी २०२४ मध्ये आणलेली ही ३० टीबीची डिस्क नेमका त्याचाच उपयोग करते. तिच्या चकतीवर लोह-प्लॅटिनमचे कण आहेत, जुन्या पदार्थापेक्षा कित्येक पटींनी कडक. हेडमधला सोन्याचा सूक्ष्म भाग लेझरचा प्रकाश काही डझन नॅनोमीटरच्या ठिपक्यात गोळा करतो. तेवढीच जागा क्षणभर ढिली पडते, तेच २.४ टेस्लाचं हेड तिच्यावर लिहितं आणि निवताना बिट घट्ट बसतो.

क्षणभर म्हणजे किती, ते स्वतः मोजून पाहा. ९५ मिलिमीटरची चकती मिनिटाला ७२०० फेरे घेते, म्हणजे तिची कड सेकंदाला सुमारे ३६ मीटर धावते. ४० नॅनोमीटरचा ठिपका धरला, तर तिथली जागा त्याखालून एका नॅनोसेकंदाच्या आसपास निघून जाते. खालचा थर ती उष्णता लगेच शोषून घेतो. शेजारच्या ट्रॅककडे ती पसरू नये, हेच त्याचं काम. वाचताना या तापवण्याची गरजच नसते. खोलीच्या तापमानाला हे कण जुन्या कणांपेक्षा जास्त घट्ट असतात, म्हणून घरातल्या उन्हाळ्याने डेटा पुसायचं कारण नाही.

एसएसडी वेगवान आहे, लॅपटॉपमध्ये तीच घ्यावी. पण टीबीमागे ती हार्डडिस्कपेक्षा बरीच महाग पडते, आणि वर्षानुवर्षं वीज न देता कपाटात ठेवली तर तिच्यातला विद्युतभार हळूहळू झिरपतो. फोटोंच्या दुसऱ्या प्रतीसाठी मी त्या शिक्षकांना साधी हार्डडिस्कच सुचवली.

एक शंका मात्र रास्त आहे: हेड टिकेल का? सीगेटने या पद्धतीने चौरस इंचाला एक टेराबिट लिहून दाखवलं २०१२ मध्ये, आणि ३० टीबीची डिस्क आली बारा वर्षांनी. तो सोन्याचा भाग सतत तापून आकार बदलू नये, हीच मोठी अडचण होती. या डिस्क किती वर्षं टिकतात ते हजारो डिस्क रोज वापरणाऱ्यांच्या नोंदींतून कळेल, आणि त्या नोंदींकडे माझंही लक्ष आहे.