थंड ब्रेकवरून तापलेला वाद: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला. दुसऱ्यांदा लक्षात आलं की एका मुद्द्यावर तुम्ही मला बरोबर कात्रीत पकडलंय. म्हणून दोन ओळींत बोळवण करण्याऐवजी सविस्तरच लिहितो.

बाकीच्यांसाठी थोडक्यात: फक्त रस्त्यावर चालणाऱ्या स्पोर्ट्स कारला सिरॅमिक ब्रेक घेणं म्हणजे पैसे पाण्यात, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं: सिरॅमिक डिस्क (चाकाबरोबर फिरणारी, ब्रेक जिच्यावर घासतो ती चकती) थंड असताना धरत नाहीत हे माझं विधान धादांत चूक आहे. या डिस्क वजनाला निम्म्या असतात, गंजत नाहीत, काळी धूळ उडवत नाहीत, गाडीच्या आयुष्यभर टिकतात आणि गाडी कमी अंतरात थांबवतात. घाटाच्या उताराचं काय, असंही तुम्ही विचारलंत, आणि नव्या गाडीच्या ऑर्डर फॉर्मवर सिरॅमिकची खूण करायचा तुमचा विचार आहे. आणि शेवटी, ज्याला परवडत नाही त्याला द्राक्षं आंबट.

द्राक्षांचं आधी निकालात काढू. माझ्या गाडीला बिडाच्या डिस्क आहेत आणि सिरॅमिक मला परवडत नाहीत, दोन्ही खरं. पण डिस्क किती तापते हे मालकाच्या ऐपतीवर ठरत नाही, त्यामुळे तो मुद्दा बाजूला ठेवू.

थंड ब्रेकबद्दल मात्र मी चुकलो. शर्यतीच्या गाड्यांमधल्या कार्बन-कार्बन ब्रेकचा अवगुण मी रस्त्यावरच्या सिरॅमिक ब्रेकला चिकटवला. ही गल्लत सर्रास होते, पण ब्रेकवर लेख लिहिणाऱ्यानं ती करू नये. कार्बन-कार्बन ब्रेक सत्तरच्या दशकात काँकॉर्ड विमानावर होते आणि त्याच दशकात फॉर्म्युला वनमध्ये ब्रॅबॅम संघानं ते आणले. त्यात डिस्कही कार्बनची आणि तिला दाबून धरणारे पॅडही कार्बनचे. ते काहीशे अंशांपर्यंत तापल्याशिवाय खरोखरच नीट धरत नाहीत.

रस्त्यावरच्या गाडीतली सिरॅमिक डिस्क ही वेगळीच चीज आहे. कार्बनचे आखूड तंतू रेझिनमध्ये कालवून साच्यात दाबतात आणि हवा लागू न देता भाजतात. रेझिनचाही कोळसा होतो आणि बिस्किटासारखी सच्छिद्र चकती उरते. मग तिला वितळलेलं सिलिकॉन पाजतात. सिलिकॉन १४१४ अंशांना वितळतं, म्हणजे भट्टी त्याहून तापलेली. कार्बनशी त्याचा संयोग होऊन सिलिकॉन कार्बाइड तयार होतं. धार लावायच्या दगडात असतं तेच हे. या पृष्ठभागावर योग्य ते पॅड असले की सकाळच्या पहिल्या वळणालाही ब्रेक लागतो. २००१ च्या पोर्शे ९११ जीटी२ ला ही डिस्क मूळचीच आली, २००२ च्या फेरारी एन्झोलाही. थंडीत धरत नसती तर नेहमीच्या रस्त्यावरच्या गाडीत ती टिकलीच नसती. तेव्हा मूळ लेखातलं ते वाक्य काढलं आहे आणि दुरुस्तीची नोंद टाकली आहे. ओल्या डिस्कवर, विशेषतः गाडी धुतल्यावर, पहिला ब्रेक जरा उशिरा लागल्यासारखा वाटतो, एवढं त्यातलं शिल्लक राहतं.

(जाता जाता: ‘सिरॅमिक पॅड’ म्हणून जे मिळतात त्यांचा या सगळ्याशी काही संबंध नाही. ते साध्या बिडाच्या डिस्कवर चालणारे पॅड. खाली दोघातिघांनी ‘माझ्याकडेही सिरॅमिक आहेत’ लिहिलंय ते बहुधा हेच.)

आता कमी अंतरात थांबण्याचं. इथे मी तसूभरही मागे सरणार नाही. करकचून ब्रेक मारल्यावर एबीएस (चाक अडकू न देणारी यंत्रणा) थरथरायला लागतं, तेव्हा ब्रेकनं त्याचं काम पूर्ण केलेलं असतं. चाक अडकवण्याइतका जोर बिडाच्या डिस्कमध्येही असतो. त्यापुढे गाडी किती मीटरांत थांबणार हे टायरची रबर ठरवते. तुम्ही म्हणता की चाचण्यांमध्ये सिरॅमिकवाल्या गाड्या आधी थांबतात. थांबत असतील, पण त्यांच्या पायात काय होतं तेही बघा. सातव्या पिढीच्या कॉर्व्हेट झेड०६ या स्पोर्ट्स कारचं उदाहरण घ्या. तिच्या झेड०७ पॅकेजमध्ये सिरॅमिक ब्रेकबरोबर मिशेलिन पायलट स्पोर्ट कप २ टायर यायचे, जवळजवळ ट्रॅकसाठीच बनवलेले. अशा गाडीची तुलना साध्या टायरच्या गाडीशी केली तर शाबासकी कुणाला द्यायची? मी तरी टायरला देईन.

मग ही डिस्क बनवली कशासाठी? उष्णतेसाठी. आणि मागच्या लेखात हे आकड्यांनिशी मांडलं नाही, ती माझी खरी चूक. दीड टन वजनाची गाडी ताशी १०० किलोमीटरवरून थांबवली की साधारण ५८० किलोज्यूल ऊर्जेची उष्णता होते. पुढच्या एकेका चाकाच्या वाट्याला त्यातला ढोबळमानानं तिसरा हिस्सा येतो. दहा किलो बिडाला तेवढ्यानं चाळीसेक अंश चढतात. चाळीस! रस्त्यावर असा ब्रेक तुम्ही दिवसातून कितीदा मारता? आणि दोन ब्रेकच्या मध्ये डिस्कला वारा लागतोच.

ट्रॅकवर तीच गाडी २०० वरून खाली आणायची असते. वेग दुप्पट, म्हणून उष्णता चौपट: एका ब्रेकला १७० अंशांच्या आसपास. आधीची उष्णता उतरायच्या आत पुढचं वळण समोर येतं. तिथे डिस्क सहाशे-सातशे अंशांवर जाते, रात्रीच्या शर्यतीत चाकाच्या आत लाल कडी पेटलेली दिसते ती हीच. बीड तिथे हळूहळू तडकायला लागतं, सिरॅमिक डिस्क निवांत असते. तिचं माहेर ते.

पण गंमत पुढे आहे. ट्रॅकवर नेमानं जाणारे ९११ जीटी३ चे कित्येक मालक सिरॅमिक डिस्क काढून घरात जपून ठेवतात आणि बिडाच्या लावून ट्रॅकवर जातात. कारण तुमच्या ‘आयुष्यभर टिकतात’ या वाक्याला एक शेपूट आहे. ही डिस्क घासून पातळ होत नाही म्हटलं तरी चालेल, पण सततच्या भडक उष्णतेत तिच्यातला कार्बन हवेशी जळतो. डिस्क आतून हलकी होत जाते. म्हणून तिच्यावर किमान जाडीबरोबर किमान वजनही कोरलेलं असतं, आणि ती संपली की नाही हे काट्यावर किंवा खास उपकरणानं तपासावं लागतं. संपली की नवी घेताना बिडाच्या कित्येक पट पैसे मोजा. म्हणजे जिथे तिची गरज तिथे ती वापरायला जीव धजत नाही, आणि जिथे ती खरंच जन्मभर टिकते तिथे तिला काम नाही. चणे आहेत तर दात नाहीत, त्यातलाच प्रकार.

वजनाचा तुमचा मुद्दा सगळ्यात भक्कम, आणि मूळ लेखात मी तो एका ओळीत उडवला होता. तसं करायला नको होतं. पाण्याची घनता एक धरली तर बिडाची सातच्या वर, सिरॅमिकची अडीचच्या आत. मग डिस्क एक तृतीयांशऐवजी निम्म्यावरच का थांबते? कारण हलकी डिस्क तेवढ्याच उष्णतेत जास्त तापते, म्हणून ती आकारानं मोठी करावी लागते. ९११ च्या ‘९९१’ नावाच्या पिढीतल्या जीटी३ ला बिडाची पुढची डिस्क ३८० मिलिमीटरची होती, सिरॅमिकची ४१०. तरीही चार चाकांत मिळून पंधरा-वीस किलो सहज वाचतात, आणि तेही स्प्रिंगच्या खालचे, फिरणाऱ्या भागातले. खडबडीत रस्त्यावर चाक आपटून लगेच जमिनीला टेकतं, स्टिअरिंग हातात हलकं बोलतं. हा फरक मी स्वतः अनुभवलाय, नाकारणार नाही. फक्त एवढंच की डिस्क आसाजवळ असते आणि रिमचं वजन लांब परिघावर. फिरवायच्या हिशेबात रिमवरचा एक किलो डिस्कवरच्या किलोच्या दुपटीहून भारी पडतो. हलकेपणाच हवा असेल तर मी आधी फोर्ज्ड (घडीव) रिम बघेन.

गंज आणि काळी धूळ, या दोन्हींत तुम्ही जिंकलात. महिन्यातून दोनदा बाहेर निघणाऱ्या गाडीच्या बिडाच्या डिस्कवर तांबूस थर चढतो. चार ब्रेकमध्ये तो जातो, पण गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली तर पॅडखाली डाग पडतात आणि पेडल धडधडतं. इथे मधला मार्गही आहे, म्हणजे बिडाच्या डिस्कवर टंगस्टन कार्बाइडचा कठीण लेप. पोर्शेनं २०१७ च्या कायेनला तो पर्याय दिला, पांढऱ्या कॅलिपरसकट (कॅलिपर म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा चिमटा). धूळ ९० टक्क्यांपर्यंत घटते असं कंपनी सांगते.

एक प्रसंग सांगतो, कारण माझं मत मुळात त्यातून बनलं. मित्रानं सिरॅमिक ब्रेकची जुनी गाडी घेतली, पिवळे कॅलिपर, डिस्क नव्यासारख्या. टायर बदलायला आम्ही दोघं गेलो. टायरवाल्याकडचं पोरगं हुशार होतं, जॅक जपून लावला, बोल्ट हातानं सोडवले. शेवटचा बोल्ट निघाला आणि चाक दोन बोटं खाली घसरलं. टक्! बशीला चमचा लागावा एवढाच आवाज. वाकून बघितलं तर डिस्कच्या कडेला नखाएवढा टवका उडालेला आणि आत काळे तंतू दिसत होते. बीड असतं तर ओरखडाही दिसला नसता. अधिकृत सर्व्हिसवाल्यांनी टवका मापला, मर्यादेबाहेर आहे म्हणाले, आणि डिस्क जोडीनंच बदलावी लागेल हेही. मित्र बराच वेळ काही बोलला नाही. अशा गाडीत चाक काढताना बोल्टच्या भोकात आधी आधाराच्या पिना बसवायच्या असतात, म्हणजे चाक त्यांच्यावरून सरळ बाहेर सरकतं. त्या पिना डिकीतल्या हत्यारांच्या पिशवीत होत्या. पिशवी आम्ही उघडलीच नव्हती.

घाटाबद्दल तुम्ही विचारलंत ते योग्यच. लांब उतारावर हजार मीटर खाली येणं म्हणजे त्याच गाडीला १०० वरून पंचवीस वेळा थांबवण्याइतकी ऊर्जा. पण ती वीस-पंचवीस मिनिटांत पसरलेली, आणि खालच्या गिअरमध्ये राहिलात तर बरीचशी इंजिन खातं. पेडलवर पाय ठेवूनच उतरलात तर आधी मरतं ते ब्रेक ऑइल, म्हणजे पेडलचा दाब कॅलिपरपर्यंत पोचवणारं द्रव. ‘डॉट ४’ प्रतीचं ऑइल ताजं असताना किमान २३० अंशांना उकळतं. हवेतली ओल शोषून शोषून त्यात पावणेचार टक्के पाणी झालं की ती मर्यादा १५५ वर येते. उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल थेट तळाला जातं. डिस्क सिरॅमिकची असो की सोन्याची, कॅलिपरमधलं ऑइल तेच असतं.

कुणी घ्यावेत मग? दोन-सव्वादोन टनांची दांडगी गाडी जो खरोखर २५० च्या वेगानं चालवतो, त्यानं बिनधास्त घ्यावेत. तिथे एकाच ब्रेकला पाच हजार किलोज्यूलच्या आसपास आकडा जातो. ज्याला गंज आणि धुळीचा तिटकारा आहे, स्टिअरिंगमधला तो हलकेपणा हवा आहे आणि पैशांची चिंता नाही, त्यानंही घ्यावेत. हौसेला मोल नसतं, आणि पिवळे कॅलिपर दिसतात झकास. ‘पैसे पाण्यात’ हा शब्दप्रयोग मी मागे घेतो. ‘ब्रेक लागण्यासाठी घेतले’ असं मात्र म्हणू नका.

तुमची गाडी, तुम्हीच लिहिल्याप्रमाणे, महिन्यातून दोनदा निघते, ट्रॅकवर कधीच जात नाही आणि टायर सहा वर्षांचे आहेत. ऑर्डर फॉर्मवर खूण करायची ती नव्या गाडीसाठी, त्यात मी पडत नाही. पण सध्याच्या गाडीचं ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललंत, तेवढं खाली लिहा.