आईचा काढा आणि पुण्याची बाटली

गेल्या आठवड्यात फ्लूने आडवा झालो होतो. कुडाळात पावसाची झड, लाईट गेलेली, आणि आई पेला घेऊन उशाशी. तुळस, आलं, मिरी, गवती चहा, अडुळशाची दोन पानं. "गप पी. दोन दिसांत उभो रवतलस."

उठलो पाचव्या दिवशी. तरी श्रेय काढ्यालाच! साधा फ्लू बहुतेकांचा आठवडाभरात आपला आपण उतरतो. तिसऱ्या दिवशी जे काही पोटात जाईल, ते औषध ठरतं. मी सोलकढी प्यायलो असतो तर सोलकढीचं नाव झालं असतं.

एवढ्यात पुण्याच्या भाच्याने फ्लूवर म्हणून एल्डरबेरी सिरपची बाटली धाडली. एल्डरबेरी म्हणजे परदेशातलं एक काळं-जांभळं बोरासारखं फळ. किंमत बघून आई म्हणाली, "ह्यात सोना आसा काय?"

मग पडल्या पडल्या त्या सिरपचं वाचत बसलो. 2004 मध्ये नॉर्वेतली एक चाचणी छापून आली, 60 रुग्णांची. सिरप घेतलेले सरासरी चार दिवस आधी बरे झाले, असा निष्कर्ष. 60 माणसं! आमच्या वाडीत भजनाला याहून जास्त जमतात. पुढे 2020 मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिक या इस्पितळाच्या डॉक्टरांनी फ्लूच्या 87 रुग्णांवर तेच पुन्हा तपासलं. कुणाला खरं सिरप, कुणाला नुसतं तसं दिसणारं, हे रुग्णालाही ठाऊक नाही आणि डॉक्टरलाही नाही. फायदा काही दिसला नाही. 87 हाही आकडा मोठा नव्हे, पण बाटलीवर छापायला पहिलीच चाचणी बरी पडते.

आता कुणी म्हणेल, मग काढ्याचीही घ्या अशीच चाचणी. जरूर घ्या. पण खोटा काढा बनवणार कसा? घशाला आल्यासारखा झोंबला पाहिजे, अडुळशासारखा कडू लागला पाहिजे आणि तरी त्यात औषध काही नको. शिवाय आईचं माप म्हणजे तिची मूठ. वैशाखातली तुळस वेगळी, मृगातली वेगळी. कुठल्या काढ्याची परीक्षा घेतली म्हणायची?

घसा शेकला जातो, झोप लागते, कुणीतरी उशाशी बसतं. तेवढ्यासाठी मी काढा पितो आणि पिणार. माझं भांडण "काढ्याने ताप जातो" या वाक्याशी आहे, कारण आमच्याकडचा ताप दरवेळी फ्लूचा नसतो. लावणीच्या दिवसांत चिखलातून लेप्टो येतो, म्हणजे उंदरांच्या मुतातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस. दोडामार्ग-बांद्याकडे 2016 पासून माकडतापाने, म्हणजे गोचीड चावून होणाऱ्या तापाने, माणसं दगावलीत. गेल्या वर्षी शेजारचे काका तीन दिवस नुसत्या काढ्यावर होते. डोळे लालबुंद, पोटऱ्या इतक्या दुखत की उभं राहवेना. लेप्टो निघाला. वाचले, पण ते तीन दिवस फुकट गेले ते गेलेच.

म्हणून घरात सांगून ठेवलंय: पावसात ताप आला की आधी आरोग्य केंद्रात रक्त, मग पेला. आई "हो" म्हणाली. आणि परसात जाऊन गवती चहाचा मोठा जुडा कापून आणला.