कॅज्युअल्टीत रात्री नातेवाइकांशी बोलणारा माणूस हवा

सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात परिसेविका म्हणून मी अनेक वर्षे रात्रपाळ्या केल्या आहेत. डॉक्टरांवर हल्ला झाला की सुरक्षारक्षक वाढवण्याची मागणी होते आणि ती रास्तच आहे. मार्च २०१७ मध्ये धुळ्यात एका निवासी डॉक्टरांच्या डोळ्याला मारहाणीत गंभीर इजा झाली, राज्यभरातील निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले, आणि तेव्हा कुठे रुग्णालयांत महाराष्ट्र सुरक्षा बलाचे जवान दिसू लागले. डॉक्टर आणि रुग्णालयांवरील हल्ल्यांविरुद्धचा राज्याचा कायदा मात्र २०१० पासूनच आहे. अजामीनपात्र गुन्हा, ३ वर्षांपर्यंत कैद, ५० हजारांपर्यंत दंड आणि मोडतोडीची दुप्पट भरपाई, एवढे सगळे त्यात आहे.

पण रात्री दोन वाजता भावाला रक्तबंबाळ अवस्थेत घेऊन आलेल्या माणसाला यातले काहीही आठवत नाही. असाच एक जण आमच्याकडे आला होता. डॉक्टरांनी त्याच्या भावाला तपासले, सलाईन लावले आणि ते शेजारच्या खाटेवरच्या मण्यार चावलेल्या मुलीकडे वळले, कारण तिचा श्वास मंदावत चालला होता. त्याला मात्र एवढेच दिसले की आपल्या माणसाला सोडून डॉक्टर निघून गेले. पुढच्या दीड तासात आम्ही तिघांनी त्याला फक्त ‘बाहेर थांबा’ असे सांगितले, आणि त्या तिघांत मीही होते. शेवटी त्याने सलाईनचा स्टँड उचलून निवासी डॉक्टरांच्या खांद्यावर घातला. पोलीस नेत असताना त्याने मला विचारले, ‘सिस्टर, तो शुद्धीवर आला का?’ भाऊ केव्हाच शुद्धीवर आला होता.

त्याच्या कृत्याचे मी समर्थन करत नाही. अशा वेळी गुन्हा नोंदलाच पाहिजे, आणि तोही मार खाल्लेल्या डॉक्टरांनी पोलीस ठाण्यात खेपा घालून नव्हे. संस्थाप्रमुखांनी ६ तासांत तक्रार द्यावी, असे केंद्राने ऑगस्ट २०२४ मध्ये बजावले आहे, त्याची अंमलबजावणी व्हावी.

माझे म्हणणे त्याच्या आधीच्या दीड तासाबद्दल आहे. रुग्ण आणि नातेवाइकांना मदत करणारे समाजसेवा अधीक्षक हे पद सरकारी रुग्णालयांत आहे, पण आमच्याकडे ते फक्त दिवसा भेटत. तोच माणूस रात्री कॅज्युअल्टीच्या दाराशी हवा. कोणाला आधी का तपासले जाते हे त्याने समजावून सांगावे आणि दर अर्ध्या तासाने नातेवाइकांना रुग्णाची खबर द्यावी. मृत्यूची बातमी पहिल्या वर्षाच्या निवासी डॉक्टरांनी व्हरांड्यात उभ्याउभ्या न देता, वरिष्ठांनी बंद खोलीत, नातेवाइकांना बसवून द्यावी. आमच्या विभागात त्यासाठी एक खोली होती. तिच्यात जुन्या खाटा रचून ठेवलेल्या असत.