राइटची पावती म्हणजे पोच नव्हे

प्रोग्रॅमला फाइलमध्ये किंवा सॉकेटवर (नेटवर्कच्या जोडणीवर) डेटा लिहायचा असतो तेव्हा तो कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, राइट हा कॉल करतो; फसला तर उणे एक मिळतं. क्लोज फाइल बंद करतो, आणि एफसिंक डेटा डिस्कवर जाईपर्यंत थांबतं. सिस्टिम प्रोग्रॅमिंगच्या मुलाखतींसाठी जी टिपणं फिरतात, त्यांत या अर्थाचा एक उतारा हमखास सापडतो: "राइटने उणे एक दिलं नाही म्हणजे सगळा डेटा लिहिला गेला. फाइल असेल तर तो डिस्कवर गेला, सॉकेट असेल तर समोरच्याला मिळाला. शंका वाटली तर क्लोज करा, तो उरलंसुरलं फ्लश करतो. तरीही धाकधूक असेल तर एफसिंक मारा, फसलं तर परत मारा."

चार वाक्यं आहेत आणि त्यांतल्या चौथ्याचा पूर्वार्ध तेवढा बरोबर आहे. रजिस्टर पोस्टाच्या खिडकीवर मिळायची ती पावती. घेणाऱ्याची सही होऊन परत यायची ती पोच. राइट पावती देतो: इतके बाइट कर्नलने ताब्यात घेतले. टिपणवाले तिलाच पोच समजून बसलेत.

पहिलं वाक्य घ्या. राइट आकडा परत करतो, आणि तो मागितल्यापेक्षा कमी असू शकतो. लिनक्सवर पाइपची (एका प्रोसेसकडून दुसरीकडे डेटा नेणाऱ्या नळीची) क्षमता सहसा ६५,५३६ बाइट. रिकाम्या, नॉनब्लॉकिंग (जागा नसली तर न थांबता परतणाऱ्या) पाइपवर एक लाख बाइट लिहायला सांगा आणि पलीकडून कुणी वाचत नसेल, तर उत्तर येतं ६५,५३६. चूक म्हणून काहीच नाही, पण ३४,४६४ बाइट अजून तुमच्याच बफरमध्ये आहेत. लगेच पुन्हा राइट केलंत की मग उणे एक आणि ईअगेन, म्हणजे 'आत्ता जागा नाही, नंतर या' ही खूण. डिस्क भरत आली असेल तर फाइलवरही हेच होतं: मावेल तेवढं लिहिलं जातं, आणि जागा संपल्याची तक्रार पुढच्या राइटला मिळते. शिवाय लिनक्समध्ये एका राइटची कमाल मर्यादाच २,१४,७४,७९,५५२ बाइट आहे. तीन जीबीचा बफर एका दमात जाणारच नाही.

म्हणून लूप लागतो. जितके गेले तितका पॉइंटर पुढे, तितकी शिल्लक कमी, शिल्लक शून्य होईपर्यंत. ईइंटर (मध्येच सिग्नल आल्याची खूण) आला तर तोच राइट पुन्हा. ईअगेन आला तर पोल या कॉलने बफरमध्ये जागा मोकळी होण्याची वाट पाहायची. नुसतं गरगर फिरत राहिलात तर एक कोअर शंभर टक्क्यांवर जातो. सर्वांत जास्त दिसणारी चूक म्हणजे अर्धवट राइटनंतर बफर पहिल्यापासून पाठवणं. मग फाइलमध्ये सुरुवातीचा तुकडा दोनदा येतो, आणि दोष मात्र पार्सरला दिला जातो. लोकल डिस्कवर छोटे राइट जवळजवळ नेहमी पूर्ण होतात, म्हणूनच ही चूक टेस्टिंगमध्ये वर्षानुवर्षं लपून राहते.

आता डिस्क. फाइलवरचा साधा राइट पेज कॅशमध्ये, म्हणजे कर्नलने मेमरीत ठेवलेल्या फाइलच्या पानांत, कॉपी होतो आणि परततो. लिनक्सच्या मूळ सेटिंगनुसार पान मळकं होऊन (म्हणजे बदलून, पण डिस्कवर न जाता) ३० सेकंद झाली की ते लिहिण्याजोगं जुनं मानलं जातं, आणि लिहिणारे थ्रेड दर ५ सेकंदांनी जागे होतात. मधल्या काळात प्रोसेसला किल उणे नऊने जबरदस्तीने मारलंत तरी डेटा सुरक्षित आहे, कारण तो आता कर्नलचा आहे. लाइट गेली तर मात्र गेला. सी लायब्ररीचं एफफ्लश यात काहीच मदत करत नाही. ते प्रोसेसच्या बफरमधून कर्नलपर्यंतच नेऊन सोडतं.

क्लोजने डिस्कवर जातं हा समजही तसाच. नेहमीच्या लोकल फाइलसिस्टिमवर क्लोज डेटा डिस्कवर जाण्याची वाट पाहत नाही. एनएफएसवर (नेटवर्कवरच्या फाइलसिस्टिमवर) मात्र कोटा किंवा जागा संपल्याची चूक क्लोजच्या वेळीच हाती येऊ शकते, म्हणून त्याचं उत्तर तपासायचं. पण लिनक्सवर क्लोज फसला तरी पुन्हा करायचा नाही. डिस्क्रिप्टर (उघड्या फाइलचा नंबर) तोवर मोकळा झालेला असतो, आणि तोच नंबर दुसऱ्या थ्रेडच्या फाइलला मिळाला असेल तर तुम्ही त्याची फाइल बंद कराल.

एफसिंक फसलं तर परत मारा, हा सल्ला या सगळ्यांत घातक. डिस्कवर लिहिताना चूक झाली की लिनक्सवर ती पानं "स्वच्छ" म्हणून खुणावली जात आणि चूक एकदा कळवली की विषय संपे. दुसऱ्या एफसिंकला लिहायला काही उरलेलंच नसे, मग ते शून्य देऊन मोकळं होई. २०१८ मध्ये पोस्टग्रेस या डेटाबेसच्या मंडळींना हे उमगलं तेव्हा मोठी खळबळ उडाली, कारण त्यांचा चेकपॉइंट (साठलेले बदल डिस्कवर उतरवण्याचा टप्पा) नेमका असाच पुन्हा प्रयत्न करत होता. फेब्रुवारी २०१९ च्या ११.२ आवृत्तीपासून पोस्टग्रेस एफसिंक फसताच पॅनिक करून थांबतो आणि वॉलमधून (बदलांच्या आगाऊ लिहिलेल्या नोंदवहीतून) रिकव्हरी करतो. तुमच्याकडे वॉल नसेल तर मूळ डेटा हातात ठेवा आणि नव्या फाइलवर पहिल्यापासून लिहा. मॅकवर आणखी एक खोच आहे: तिथलं साधं एफसिंक ड्राइव्हच्या स्वतःच्या कॅशला हात लावत नाही, त्यासाठी एफसीएनटीएल या कॉलमधून एफ फुलएफसिंक द्यावं लागतं.

जुनी फाइल बदलायची असेल तर क्रम असा: त्याच डिरेक्टरीत तात्पुरती फाइल, लूपने राइट, एफसिंक, क्लोज, रिनेम, आणि शेवटी डिरेक्टरी उघडून तिलाही एफसिंक. तात्पुरती फाइल टेम्पमध्ये केलीत आणि ती वेगळ्या फाइलसिस्टिमवर निघाली, तर रिनेमच होत नाही.

सॉकेटची गत याहून पातळ. टीसीपीवर राइट परतला म्हणजे बाइट तुमच्याच मशीनच्या सेंड बफरमध्ये आले. समोरच्याचा एसीके (बाइट मिळाल्याचा टीसीपीचा निरोप) आला तरी तो तिथल्या कर्नलचा. तिथला प्रोग्रॅम वाचण्याआधीच कोसळला असू शकतो. समोरच्याने सॉकेट बंद केल्यावर तुमचा पहिला राइट बहुधा बिनबोभाट यशस्वी होतो, तिकडून रीसेट (जोडणी तोडल्याचा निरोप) येतो, आणि त्यानंतरच्या राइटला ईपाइप ही चूक मिळते. सिगपाइप हा सिग्नल अडवला नसेल तर तेही दिसत नाही, प्रोसेस तिथेच मरते.

इथे क्लोजने तर उलट नुकसान होतं. तुमच्या रिसीव्ह बफरमध्ये न वाचलेले बाइट असताना क्लोज केलंत, तर लिनक्स रीसेट पाठवतो, आणि समोरच्याने अजून न वाचलेला तुमचा डेटा त्यात बुडू शकतो. आधी शटडाउनने लिहिण्याची बाजू बंद करा, मग रीड शून्य देईपर्यंत वाचा, आणि मगच क्लोज.

खरी पोच हवी असेल तर ती प्रोटोकॉलमध्येच असावी लागते. एसएमटीपीत, म्हणजे मेल पाठवण्याच्या प्रोटोकॉलमध्ये, मेलचा मजकूर संपला की एका ओळीवर नुसतं टिंब जातं आणि सर्व्हर २५० ('स्वीकारलं') म्हणतो. तिथून मेलची जबाबदारी त्याची. हा २५० वाटेत हरवला तर पाठवणारा तोच मेल पुन्हा पाठवतो, आणि कधीकधी एकच मेल तुम्हाला दोनदा येतो.